दारुमाचे डोळे

"हे डोळे घालायला तुला कोणी सांगितलं?"

फोनवर नेहा होती. नेहा मुंबईत बसून तोक्योच्या एका कपड्यांच्या ब्रँडचं काम बघते आणि मी पेणमध्ये बसून त्यांच्या टी-शर्टवरची चित्रं करते.

"कोणी नाही," मी म्हटलं. "पण चेहऱ्याला डोळे घालायला सांगावं लागतं का?"

ती चिडली होती की चक्रावली होती, मला कळेना.

आधी थोडं धंद्याबद्दल. या कपड्यांना स्ट्रीटवेअर म्हणतात. साधा टी-शर्ट, साधी हूडी, पण मोजकेच नग काढतात आणि तिकडची पोरं दुकानाबाहेर रांगा लावतात. कापड काय, कुठलंही चालतं. विकलं जातं ते छातीवरचं चित्र. मुलाखती मात्र मालकाच्या येतात, डिझायनर म्हणूनही त्यालाच ओळखतात. चित्र कोणी केलं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. या वेळी पहिल्यांदाच मालक कबूल झाले होते: कॉलरच्या आतल्या लेबलवर 'ग्राफिक' आणि पुढे माझं नाव. त्यासाठी मी नेहाचं किती डोकं खाल्लं होतं, ते तिलाच विचारा.

मला आलेलं ब्रीफ, म्हणजे कामाची सूचना, असं होतं: एका बाहुलीचा फोटो आणि खाली 'दोन रंगांत, स्वच्छ रेषा'. बाहुली लाल, गोल, दाढीमिशांची. डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे गोल. मला वाटलं, फोटो काम अर्धवट असताना काढलाय. पेणमध्ये अशा मूर्ती आम्ही लहानपणापासून बघतो. रंग झालेला, आखणी बाकी. आखणी म्हणजे डोळे रेखणं. माझ्या आईने गणपतीच्या कारखान्यात जन्मभर तेच केलं.

तरी आधी मी फोटोबरहुकूम चित्र केलं आणि रोह्याला महेशदादांकडे प्रूफ काढायला गेले. प्रूफ म्हणजे नमुन्याचा एक छाप. धाटावच्या कंपन्यांचे सेफ्टी वीकचे टी-शर्ट महेशदादाच छापतात. त्यांनी टी-शर्ट उजेडात धरला.

"ताई, ह्याला डोलं का नाय?"

"फोटोत तसंच आहे."

"फोटोवाला इसरला असंल. नाव तुमचं लागनार ना ह्याच्यावर? मंग असं आंधलं पाठवनार?"

नाव म्हटल्यावर मी विरघळले. तिथेच लॅपटॉप उघडून डोळे रेखले, आई रेखते तसे, किंचित खाली बघणारे. दुसरा नमुना छापून तो कुरियरने पाठवला. त्या दिवशी मी फार खूश होते.

आता फोनवर नेहा मला समजावत होती. या बाहुलीला दारुमा म्हणतात. ती डोळ्यांशिवायच विकतात. घेणारा मनात इच्छा धरून एक डोळा रंगवतो आणि इच्छा पुरी झाली की दुसरा. टी-शर्टसोबत कापडावर चालणारं पेन देणार होते. म्हणजे ती मोकळी जागा हीच सगळी आयडिया होती आणि नेमकी तीच मी भरून टाकली होती.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू ग्राफिक करतेस ना. तुला कशाला सांगायचं?" नेहा अगदी सहज म्हणाली. यावर चिडावं की माफी मागावी, तेही मला समजेना. मी फक्त लेबलवरच्या नावाचं विचारलं.

"ते मालक ठरवतील. दुपारी कॉलवर ये."

कॉलवर मालकांनी एकच विचारलं: डोळे का? नेहाला जपानी येतं, तिच्यामार्फत मी पेण, मूर्ती, आखणी सगळं सांगितलं. मालक नमुना हातात घेऊन बघत राहिले. मग बराच वेळ बोलले.

"डोळे नकोत म्हणतात," नेहा म्हणाली.

"एवढा वेळ एवढंच बोलले?"

"डोळे फार छान झालेत म्हणाले. म्हणूनच नकोत. गिऱ्हाइकाला काही करायला उरतच नाही."

"आणि नाव?"

"नाव राहील."

ही शाबासकी होती की कानउघाडणी? मी डोळ्यांची लेयर बंद केली. लेयर म्हणजे चित्रातला एक थर. एका क्लिकचं काम.

टी-शर्ट आले आणि सगळे विकले गेले. एक माझ्या घरी पोचला. मी आधी आईला लेबल दाखवलं. तिने नावावरून बोट फिरवलं, खुलून हसली. मग टी-शर्ट उलटा करून पुढची बाजू बघितली.

"नाव घातलंस गो. नि डोलं नाय घातलंस?"

मी तिला दारुमाची सगळी गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली.

"माजं नाव कुठं लागला नाय," ती घडी घालत म्हणाली, "पन आंधला देव मी कुनाच्या हातात दिला नाय."

हल्ली ब्रीफमध्ये मोकळी जागा दिसली की मी आधी फोन करून विचारते, ही कोणी भरायची. आईला काय उत्तर द्यायचं, ते मात्र कोणाला फोन करून विचारावं, मला कळत नाही.