मले आणि मला

चूक माझीच होती. सायकलवरून चंद्रपूर दाखवणाऱ्या ताईंना मी चारचौघांत टोकलं, "मले नाही हो. मला म्हणा." त्यापायी त्यांचं काम हुकलं का, मला आजही माहीत नाही.

मी मूळचा वरोऱ्याचा. पुण्यात नोकरीला लागलो आणि वर्षभरात 'मले' सोडलं. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातली मंडळी ताडोबाला निघाली, तेव्हा ही शहराची फेरी मीच ठरवली. आपला जिल्हा मिरवायची हौस.

जटपुरा गेटपाशी सायकली घेतल्या. ताई तिशीच्या असतील. फेरीचे मालक सगळ्यांच्या मागून सायकलवर येणार होते. "ताईंची आज परीक्षा आहे," त्यांनी आधीच सांगितलं. "जमलं तर दर रविवारी त्याच नेतील." म्हणजे सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं.

परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, कडेनं जाताना ताई रंगात आल्या होत्या. "आजी म्हणे, भिंतीच्या तिकडं वाघ हाय. मले वाटे, मंग पिंजऱ्यात कोण? आपण का वाघ?"

सगळे हसले. आमचे साहेब वळून मला म्हणाले, "तुम्हीही घरी असंच बोलता का हो?"

माझे कान तापले, आणि मी ते 'मला म्हणा' बोललो.

ताईंनी करकचून ब्रेक दाबला. "काऊन भाऊ, समजलं नाई का?"

"समजलं. पण बाहेरची माणसं आहेत. नीट बोलावं."

"तुम्ही कुठचे?"

"पुण्याचा."

त्यांनी पुन्हा पेडलवर पाय ठेवला. "बरं, सर."

भाऊचा मी सर झालो. बिनबा गेटसमोर त्या पाठ्यपुस्तकासारख्या बोलल्या, "हे प्रवेशद्वार होय. मला, मला म्हणते आहे मी, सर, मला याविषयी अधिक काही सांगावयाचे नाही."

कोणी हसलं नाही. कोळशाचा ट्रक गेला आणि दातांत कचकच आली. मागून आमच्यातल्याच एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "छान चाललं होतं. यांना कोणी विचारलं होतं?" मालकांनी ताईंना मागं जायला सांगितलं आणि पुढची माहिती स्वतः द्यायला लागले.

मी सायकल रेंगाळवत ताईंपाशी आणली. "मला क्षमा करा."

"अर्ज करा, सर," त्या म्हणाल्या आणि पेडल मारत निघून गेल्या.

आईलाही मी फोनवर असाच टोकायचो. शेवटी शेवटी ती माझ्याशी 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलायची. बोलायला काही उरलं नसेल, अशी मी समजूत करून घेतली होती. ताईंचं ते 'बरं, सर' पठाणपुरा गेटपर्यंत कानात राहिलं.

तिथं मालक सगळ्यांचे आभार मानू लागले. मी मध्येच बोललो, "फेरी यांनी बिघडवली नाही. मी बिघडवली. आणि पुण्याचा म्हणालो ते खोटं. मी वरोऱ्याचा."

साहेब दुसरीकडे बघू लागले. मालक नुसते "बघू" म्हणाले. ताई पाठमोऱ्या, सायकलींना साखळी लावत होत्या.

"ताई," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी जीभ अडखळत होती. "माह्यं चुकलं. मले माफ करा."