कणकेचा गोळा

काल इस्त्रीला प्लास्टिकची पिशवी चिकटली आणि त्या जळक्या वासानं मला थेट उचगावच्या जुन्या कारखान्यात नेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या प्लास्टिकच्या नावपट्ट्या आम्ही लेझरनं कोरल्या होत्या, पण अक्षरांत काजळी बसलेली. दुपारी माल न्यायला माणूस येणार होता आणि मी आणि तिथं सोबत काम करणारी माझी मैत्रीण, आम्ही दोघी ब्रशनं एकेक पट्टी घासून रडकुंडीला आलो होतो. आमचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी ओरडल्या, "असं घासत बसलासा तर दिवाळी उजाडंल की! सरका तिकडं!" त्यांनी पट्ट्या ओळीनं मांडल्या आणि परातीतला घट्ट कणकेचा गोळा वरून दाबत फिरवला. काजळी कणकेला, अक्षरं लख्ख! माल वेळेत गेला. जेवायला मात्र चपात्याच नव्हत्या. वाटीनं आमटी पिताना मावशी म्हणाल्या, "चपात्या गेल्या की नर्सबाईंच्या नावावर!" काल इस्त्री थंड झाली, तेव्हा माझा हात आपसूक पिठाच्या डब्याकडे गेला.