अडुसष्ट यार्डांची खुंटी

गुणवंतदादा गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होते असं सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलं तसं. हॉस्पिटलात सांगितलं, गावाला फोनवर सांगितलं, त्याच्या मुलाला, नीरवला सांगितलं. ते खोटं आहे. मी सातवी शिकलेली बाई, बोलते तसं मोबाइलवर टाइप करते, चुकलं तर समजून घ्या.

दादा इथे आखातात, मुसफ्फ्यातल्या एका कंपनीत सर्व्हेअर होता. सव्वीस वर्षं. रस्ता असो, गटार असो, आधी दादाची मोजणीची खुंटी, मग बाकीचे. वहिनी गेली तेव्हा नीरव नऊ वर्षांचा होता, म्हणून मी इथे मोहम्मद बिन झायद सिटीत आले ती राहिलेच.

नीरवच्या शाळेत अमेरिकन पोरं होती, त्यांनी ह्याला त्यांच्या फुटबॉलमध्ये घेतला. तो बॉल हाताने पळवायचा खेळ. पण मधेच एक जण येतो, पायाने मारतो, बॉल दोन उंच खांबांच्या मधून गेला पाहिजे. त्याला फील्ड गोल म्हणतात. आमचा नीरव ते मारणारा. एकदा जेवताना म्हणाला, बाबा, मोठ्या लीगमध्ये रेकॉर्ड सिक्स्टी फोर यार्ड्स आहे.

दादाचा घास हातातच. "चौसष्ट यार्ड म्हणजे किती?"

"लाँग, बाबा. व्हेरी लाँग."

"व्हेरी लाँग म्हणजे काही नाही. जमिनीवर बघितल्याशिवाय कळत नाही. पमे, ऊठ, टोक धरायला चल."

मशिदीमागे मोकळी जागा आहे, तिथला लाइटचा खांब म्हणजे गोल. मी खांबाशी टेपचं झिरोचं टोक धरून बसायचं आणि ओरडायचं, "झिरोऽ!" मी ओरडल्याशिवाय दादा खुंटी ठोकायचा नाही, कामावरची सवय. पहिल्यांदा त्याने चौसष्टावर दहा यार्ड जास्त धरले, खांब गोलच्या रेषेच्या मागे असतात म्हणून. नीरव पोट धरून हसला. "इट्स ऑलरेडी इन्क्लूडेड, बाबा!" दादाने गपचूप खुंटी उपटली. नंतर म्हणाला, "एवढ्या वर्षांत पहिली चूक, तीपण ह्या पोरासमोर."

मग एकवीस साली रेकॉर्ड सहासष्ट झालं. बॉल आडव्या दांड्यावर आपटून पलीकडे पडला. दादाने तो व्हिडिओ किती वेळा बघितला देव जाणे. दुसरी खुंटी ठोकली. संध्याकाळी चालायला गेला की तिथे उभा राहून खांबाकडे बघायचा. "इथून, पमे. माणसाच्या पायाने."

नीरव नोकरीला लागला, अल रीमला राहायला गेला. बाप-लेकाचं फोनवर तेच, कोणी किती लांब मारलं.

गेल्या नोव्हेंबरात, सोमवारी सकाळी नीरवने व्हिडिओ पाठवला. अडुसष्ट. दादा ड्यूटीवरून आला तोच टेप घेऊन. "पमे, यल्ला, चल."

माझे गुडघे दुखत होते, गॅसवर डाळ होती. खरं कारण ते पण नाही. मला लाज वाटायची. म्हटलं, "लोक हसतात रे दादा. अठ्ठावन्न वर्षांचा झालास, खुंट्या कसल्या ठोकतोस?"

"टोक कोण धरणार?"

"खिळा ठोक, त्याला अडकव."

एवढंच बोलले मी त्याच्याशी शेवटचं.

काळोख पडायला आला तेव्हा बिल्डिंगचा वॉचमन उमर धावत आला. "दीदी, भाईसाब गिर गए." मी गेले तोपर्यंत खलास झालं होतं. हातोडी बाजूला, खुंटी ठोकलेली.

नीरव हॉस्पिटलात भिंतीला टेकून म्हणत होता, मी व्हिडिओ पाठवला नसता तर. मी त्याला धरलं आणि तोंडातून निघून गेलं, "मी होते ना रे जवळ. टोक मीच धरलं होतं." तो जरा शांत झाला. मग ते खोटं मला परत घेता येईना. पोर जरा हसलं की वाटायचं, राहू दे.

मागच्या महिन्यात आला आणि म्हणाला, आत्या, बाबांची लास्ट खुंटी बघू. दादाचीच टेप आणली होती. मी खांबाशी बसले, टोक धरलं. तो गेला, वाकला, परत मोजलं. मग जागेवरूनच ओरडला, "आत्या, इट्स टू फीट ओव्हर!"

दोन फूट. मोजण्यात दादाची खुंटी कधी बोटभर चुकली नव्हती. टोक खिळ्यावरून निसटलं असेल, तो ओढत गेला असेल, मागे ओरडायला कोणी नाही.

नीरव टेप हातात घेऊन सावकाश माझ्याकडे आला. "हू वॉज होल्डिंग द झिरो, आत्या?"

"खिळा," मी म्हटलं. "मी घरी होते. मीच त्याला एकट्याला पाठवलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सो ही वॉज अलोन."

"हो."

परत खुंटीपाशी गेला, पिशवीतून नवी खुंटी काढली. "होल्ड इट." मी धरलं. तो थांबूनच राहिला. "से इट, आत्या."

"झिरो," म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं. त्याने ठोकली. दादाची उपटली नाही. गाडीत बसून गेला. तीन आठवडे झाले, फोन उचलत नाही.

गावाहून अजून सगळे म्हणतात, प्रमिला, निदान तू तरी जवळ होतीस. तसं आता म्हणू नका. दादाजवळ कोणी नव्हतं. आणि नीरवला कोणी फोन केलात तर सांगा, व्हिडिओ बघून त्याचा बाप खूश होऊन घराबाहेर पडला होता. मी बघितलं ते. हे खरं आहे.