अर्ध्या बिलाचा उन्हाळा

माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं भांडण सरकारवरून होतं. घराच्या वाटणीवरून नाही की आईच्या दागिन्यांवरून नाही. बाबांनी रायपुरात बांधलेल्या दुमजली घरात वर भाऊ राहतो, खाली बाबा आणि मी. जिना आतूनच आहे, त्यामुळे भांडण कुठल्याही मजल्यावर पेटलं तरी सगळ्या घराला ऐकू जातं.

मी राज्याच्या कर खात्यात कारकून. भावाचं भनपुरीच्या कारखान्यांच्या भागात ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप. तो कर भरतो आणि त्यातून माझा पगार होतो, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलंय की एखाद्या दिवशी तो माझ्याकडे पावती मागेल असं वाटतं. त्याला दर महिन्याला रिटर्न भरावं लागतं, आगीचं प्रमाणपत्र वेगळं, प्रदूषणाचा परवाना वेगळा. रस्त्यात कुठे त्याचा माल अडवला की तो मला फोन करून विचारतो, तुमच्या लोकांना दुसरं काम नाही काय. माझे लोक म्हणे. मी तिथे आवक-जावक बघते.

मी दुसऱ्या बाजूची. सरकारने खर्च करावा, दवाखाने चालवावेत, गरिबाच्या घरात दिवा लावावा, नाहीतर सरकार हवंच कशाला, असं माझं म्हणणं. त्याचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. खरं सांगायचं तर दोन्ही पक्षांनी आम्हाला तोंडघशी पाडलंय. निवडणूक आली की त्याचा पक्षही पैसे वाटायचं कबूल करतो, आणि मग भाऊ त्याला सन्मान म्हणतो. माझ्या पक्षाने एखादी सवलत कापली की मीही त्याची कारणं शोधून देते. पण हे एकमेकांसमोर कबूल कोण करणार? आम्ही दोघं हट्टी आहोत, आणि मी जरा जास्त.

यंदा एप्रिलमध्ये विषय निघाला तो वीजबिलाचा. आमच्याकडे घरगुती बिल ठरावीक युनिटपर्यंत अर्धं येतं, बाकीचं सरकार भरतं. ही सवलत कमी करणार अशी बातमी टीव्हीवर चालली होती. भाऊ जिना उतरून खाली आला तोच म्हणाला, बरं होईल. वर्कशॉपला त्याला पुरा दर लागतो, आणि अर्धी दुनिया त्याच्या टॅक्सवर ऐश करते. मग नेहमीप्रमाणे तो हिंदीत गेला. चिडला की जातोच. फुकट खाने की आदत लग गई है लोगों को, असं तो तीनदा म्हणाला.

बाबा दाराजवळ खुर्चीवर बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होते. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. रिकाम्या खोलीतला पंखा चालू राहिला तर गेटवरून परत येऊन बंद करणारा माणूस. ते आमच्या वादात कधी पडत नसत. मला आता वाटतं, ते पडत नव्हते पण ऐकत होते.

मला भावाला गप्प करायचं होतं. बस, तेवढंच. मी म्हणाले, "मंग बाबाचा कुलरबी फुकटाचाच हाय. लोकाईच्या टॅक्सवर चालून राहिला. जाय, सांग त्याईले बंद कराले."

भाऊही कमी नाही. तोही रागात म्हणून गेला, "हाय तो फुकटाचाच. खोटं हाय काय त्यात?"

आणि तो पाय आपटत वर गेला. मी जिंकले असं मला वाटलं. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, बिल माझ्याच नावानं येतं ना? मी हो म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर आम्ही बहीणभाऊ बोलणं टाकलं. मे सुरू झाला. भावजय पोरांना घेऊन गोंदियाला माहेरी गेली होती, त्यामुळे दुपारी घरात एकटे बाबाच. कुलर खिडकीच्या बाहेर बसवलेला. सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी अंगणातून पाइप लावून त्याची टाकी भरायची. मे महिन्यात एक टाकी दुपारपर्यंत कशीबशी पुरते. दुसऱ्यांदा भरायचं काम भावाचं होतं, कारण तो जेवायला घरी यायचा. भांडण झाल्यापासून तो वर्कशॉपवरच डबा मागवू लागला होता.

पण मी संध्याकाळी यायची तेव्हा टाकी भरलेली असायची. काठोकाठ. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, तोंड दाखवत नाही, पण दुपारी येऊन बापासाठी पाणी भरून जातो. रक्ताचा आहे शेवटी. एकदा तर वाटलं आपणच आधी बोलावं. पण नाही बोलले. त्यानेच सुरुवात केली होती ना.

घरात शिरल्यावर कुलर चालू असे. खोली मात्र भट्टीसारखी. बाबा सांगायचे, लाइट गेली होती, आत्ताच आली. रायपूरच्या उन्हाळ्यात यावर कोण शंका घेणार? गेटची कडी वाजली की ते उठून बटण दाबतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर कागदावरच्या तफावती शोधणाऱ्या खात्यात नोकरी करते मी.

एके दिवशी ऑफिसात सर्व्हर बसला आणि दुपारी दोनलाच मी घरी आले. कडी वाजवली. कुलरचा आवाज आला नाही. बाबा खुर्चीतच होते, मान एका बाजूला, मांडीवर वाळलेला गमछा. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मला कुठल्याशा वॅगनचा नंबर विचारला. पुन्हा विचारला. मला ओळखत नव्हते.  फोन हातात घेतला आणि एकोणीस दिवसांनी भावाचा नंबर लावला. मी फक्त "बाबा" एवढंच म्हणाले आणि बादली आणायला धावले. तो येईपर्यंत मी त्यांच्या अंगावर पाणी ओतत होते. खिडकीतून कुलरची टाकी दिसत होती, सकाळी मी भरलेली, जशीच्या तशी.

दवाखान्यात त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, बर्फ लावला, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, या वयात लू लागली, उष्माघात झाला, तर मेंदूवर जाऊ शकतं, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. भावाने हळूच विचारलं, दीदी, दुपारी ऑफिसातून येऊन टाकी तूच भरायचीस ना? मी म्हणाले, मी तर समजत होते तूच भरतोस. तोही रोज वर जाताना भरलेली टाकी बघत होता, आणि मी येऊन भरते असं समजत होता. त्यालाही बरं वाटत होतं म्हणे. आम्ही एक शब्द बोललो असतो तर बाबा तिथे आत नसते. हे दोघांनाही कळलं.

सकाळी बाबा शुद्धीवर आले. आम्हाला ओळखलं. मी रडले, आणि रडताना रागावलेही. कुलर का लावत नव्हता, म्हणून विचारलं. भाऊ त्यांचा हात धरून म्हणाला, "बाबा, आमचं काहून मनावर घेता? ते तं पॉलिटिक्स होतं."

बाबांनी वर एसीकडे बघितलं. मग म्हणाले, "पॉलिटिक्स मले समजते. युनियनमंदी होतो मी. पन तुमी दोघं आजवर कोनत्याच गोष्टीवर एक झाले नाही. ह्याच एका गोष्टीवर झाले. हा बी म्हने फुकट, तू बी म्हने फुकट. मंग मले वाटलं, खरंच असन."

 नंतर भावाने त्यांना समजावलं. चाळीस वर्षं नोकरी केली, पगारातून कर गेला, रोज साबण-मीठ घेतानाही आपण कर भरतोच, मग यात फुकट काय आहे? ही सगळी माझी वाक्यं होती. आजवर त्याने ती एकदाही मान्य केली नव्हती, आणि आता तो ती घाईघाईने बापाच्या कानात ओतत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि "हव" म्हणाले. त्यांच्या या होकाराचा अर्थ आम्हाला माहीत आहे. बोलणं संपवायचं असलं की ते हव म्हणतात.

आता ते घरी आहेत. दुपारभर सोबतीला बाई ठेवू म्हटलं तर नको म्हणाले, तिचा पगार कोण देणार. आम्ही सरकारचा विषय घरात काढत नाही. बातम्या लागल्या की भाऊ आवाज कमी करतो. पण उन्हाळा अजून सरलेला नाही आणि दुपारी ते एकटेच असतात. दोन वाजले की मी ऑफिसातून फोन करते. जेवलात का, पाणी प्यायलात का, ते विचारून झाल्यावर म्हणते, बाबा, फोन जरा कुलरजवळ न्या. ते उठतात. चपला घासल्याचा आवाज येतो, मग बटणाचा, मग घरघर सुरू होते.

"आयकू आलं?" ते विचारतात.

मी हो म्हणते. ते फोन ठेवतात. अडीच वाजता भनपुरीहून भाऊ फोन करतो आणि तोही त्यांना कुलरजवळच न्यायला सांगतो. आधी बटणाचा, मग घरघर सुरू झाल्याचा आवाज त्यालाही येतो.