हागणदारीतून सांगलीला

सांगलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो. राहायला मात्र आमच्या गावी, सायकलीनं तासाभराच्या वाटेवर. गाव सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतलं; सांगली मात्र संस्थानातली. त्यामुळं रोज सकाळी मी इंग्रजांच्या मुलखातून संस्थानात कामाला जायचो आणि संध्याकाळी इंग्रजांच्या मुलखात झोपायला परत यायचो. याची मला कधी गंमत वाटली नाही. दोन्हीकडचा रस्ता सारखाच वाईट होता आणि माशाही सारख्याच होत्या.

लढाईचे दिवस होते. माझा मामेभाऊ पलटणीत भरती झाला आणि जाताना त्याची सायकल माझ्या दारात लावून गेला. "चालवत राहा, न्हाईतर गंजून जाईल," एवढंच म्हणाला. टायर मिळत नव्हते. ठिगळावर ठिगळ चढवून, आतून जुन्या टायरचा तुकडा घालून मी ती चालवत होतो. पुढचं मडगार्ड तुटून गेलेलं होतं. पुढं मडगार्ड नसणं म्हणजे काय, हे त्या रस्त्यानं गेल्याशिवाय कळायचं नाही.

वाटेत एक मोठं गाव लागायचं. त्या गावाच्या अलीकडचा रस्ता म्हणजे तिथल्या बायकांची हागणदारी. एका बाजूला उसाचा फड, त्याच्या बांधाला बाभळीच्या फांट्या रोवलेल्या. दुसऱ्या बाजूला निवडुंग. मध्ये गाडीवाट, आणि वाटेच्या दोन्ही कडांना टमरेलं घेऊन बसलेल्या बायका. दवाखाना आठला उघडायचा, त्याआधी झाडलोट, बाटल्या धुणं, पाणी उकळणं माझ्याकडं. म्हणजे मी तिथं पोचायचो ते तांबडं फुटताना, नेमका त्यांच्या वेळेला.

लांबूनच वास यायचा. मी छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि पायडल मारत सुटायचं. पण चाकोरीत धूळ एवढी, की श्वास पुरायचा नाही. मग मध्येच तोंड उघडावं लागायचं आणि तो वास घशात, जिभेवर उतरायचा. डुकरं आडवी यायची. चाकाखाली काय गेलं ते हँडलमधून हाताला कळायचं. पुढच्या चाकाचं उडून धोतराला लागायचं. सांगलीच्या अलीकडे ओढा होता, तिथं उतरून मी चाकं धुवायचो, धोतराचा काठ चोळायचो, पिशवीतल्या बाटलीतलं फिनेल टायरवर ओतायचो. फिनेल दवाखान्याचंच. तरी डॉक्टर कधी कधी नाक वर करून म्हणायचे, "काय रे, कुठनं आलास आज?"

रस्त्याच्या वळणावर आलं की मी घंटी वाजवायचो. बायामाणसं बसलेली आहेत, आपण येतोय हे त्यांना कळावं, असा माझा हिशोब. घंटी वाजली की त्या उठायच्या. एकेक करून, वळणापासून थेट गावापर्यंत, पाठ फिरवून, पदर तोंडावर ओढून उभ्या राहायच्या. मी गेलो की बसायच्या. मी मान खाली घालायचो, पण मान खाली घातली की चाकाखालचं दिसायचं, वर केली की त्या पाठी दिसायच्या. दोन्ही नकोसं व्हायचं.

एका सकाळी तिथंच, अगदी मधोमध, पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. उतरावं लागलं. चाकातली हवा गेली तशी सायकल जड झाली आणि मी ती ढकलत चालू लागलो. पायात वहाणा. एकेक पाऊल बघून टाकायचं म्हटलं तर वेळ लागतो, आणि न बघता टाकावं तर कुठं पडेल सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना बायका उभ्या. कुणी बोलत नव्हतं. एक लहान पोर रडत होती, तिला तिच्या आईनं दाबून धरलं होतं.

तेवढ्यात निवडुंगाच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "आवं पावणं, सायकल खांद्यावर घ्या आन् पळा की बिगीबिगी! पोरी कवाच्या उब्या हायत!"

मी खरोखरच सायकल खांद्यावर घेतली. चाक गालाला लागत होतं. त्या चाकाला काय काय लागलेलं होतं ते मला माहीत होतं. मी पळालो. गावच्या वेशीपाशी पोचल्यावर सायकल टाकली आणि गटाराच्या कडेला ओकलो.

त्या रात्री मला जेवण जाईना. बायकोनं भाकरी वाढली तशी मी ताट सारलं आणि तिला सगळं सांगितलं. त्या गावाला शिव्या दिल्या. माणसं आहेत का जनावरं, असंही म्हणालो. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं विचारलं,

"आपल्या गावातनं दूधवाल्यांच्या सायकली कवा जात्यात, ठाव हाय तुमाला?"

"न्हाई."

"मला ठाव हाय," ती म्हणाली, आणि ताट उचलून झाकून ठेवलं.

 

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती म्हातारी दवाखान्यात आली. मी तिला आवाजावरून ओळखलं. चेहरा तोवर पाहिलाच नव्हता. बरोबर तिची सून होती, चौथा महिना चाललेली. सुनेचं पोट ताणून टणक झालं होतं. ती बाकावर बसू शकत नव्हती, भिंतीला कपाळ टेकून उभी होती आणि दातांत पदर धरून कण्हत होती. आदल्या दिवसापासून लघवी झाली नव्हती.

डॉक्टरांनी शेजारच्या गल्लीतल्या नर्सबाईंना बोलावून घेतलं. मी रबराची नळी उकळून दिली. पडद्याआडून नर्सबाई सारख्या "सैल सोड, सैल सोड" म्हणत होत्या. मग एनॅमलच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला आणि तो थांबेचना. भांडं भरलं म्हणून नर्सबाईंनी दुसरं मागितलं. पोरगी रडत होती, पण ते रडणं सुटल्याचं होतं.

"मूत्राशय फार ताणलंय," डॉक्टर म्हातारीला म्हणाले. "दिवसांत असं होतं कधी कधी. त्यात ही रोज तुंबवून धरते. तिला सांग, असं धरून बसायचं नाही."

"धरती कशापायी, डाक्टर?" म्हातारी म्हणाली. "बसली की उठायाच लागतंय. सायकल आली, उठ. बैलगाडी आली, उठ. परत बसली की आनि येक सायकल. मग तशीच घरला येती. दिवसा कुटं जाती? आन् अंधारात पाटलाची कुत्री सुटल्याली."

"मग रानात जावं."

"रान कुणाचं?" म्हातारी म्हणाली. "उसामागं आमची वगळ हुती, खोलगट घळ, बाया तितं जायच्या. पाटलानं नदीला इंजान लावलं, वगळ बुजवून ऊस केला, आन् काटं लावलं. आता बायांनी वाटंवर बसायचं आन् येनाऱ्याजानाऱ्याला पाठी दावायच्या."

डॉक्टरांनी हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले. "औषध देतोय ते दे," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून औषध म्हातारीच्या हातात दिलं. ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमीच न्हवं सायकलवालं?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना मी त्या गावच्या पाटलाच्या कट्ट्यापाशी उतरलो. पाटील तंबाखू मळत बसला होता, भोवती तीन-चार माणसं. मी दवाखान्यातला म्हणून त्यांनी बसायला घोंगडं दिलं, चहा सांगितला. मी म्हणालो, उसाच्या बांधाला, रस्त्याकडनं, तुराट्यांचा आडोसा करून द्या. नाहीतर फडाच्या कडेची एक पट्टी मोकळी सोडा. बायका आजारी पडतायत.

"कुणाची बाय आजारी पडली?" पाटलानं विचारलं.

मी नाव सांगितलं नाही.

"बायांस्नी काय हुतंय रं?" तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला. "उठत्याल, बसत्याल. तालीमच हाय की." माणसं हसली. मग तो माझ्याकडं वळला. "आन् कंपोंडर, तुमाला रोज कसं काय दिसतंय समदं? मान खाली घालून जाता म्हनं. का वर बी बघता, व्हय?"

यावर ती माणसं अशी हसली, की एकाला ठसका लागला. त्यांच्यातल्या प्रत्येकाची बायको, आई, बहीण सकाळी त्या रस्त्यावर उभी असणार. मी त्यांच्या तोंडांकडं बघत होतो. तंबाखूनं काळे झालेले दात, मिशांत अडकलेला चुरा, ओठांच्या कोपऱ्यात आलेली लाळ. पाटील हसता हसता पिचकारी टाकायला वाकला आणि ती माझ्या सायकलीच्या चाकावर पडली. त्यानं ते बघितलं. "धुवून टाका," म्हणाला, "तुमच्याकडं फिनेल आसतंय."

चहा आला होता. मी तो प्यालो नाही. घरी पोचल्यावर मी ते चाक धुतलं. त्या काट्याच्या सकाळी मी वासानं ओकलो होतो; या संध्याकाळी ओकारी आली नाही, पण ते हसणं कितीतरी दिवस कानांतून गेलं नाही. आजही कुणी माणूस बायकांच्या कशावर तरी असा घोळक्यात हसला, की तंबाखूचा तोच उग्र वास माझ्या नाकाशी येतो.

मी डॉक्टरांना विचारून पाहिलं, थोडं उशिरा येऊ का. "मग बाटल्या मी धुवायच्या का?" ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. मग मी दुसरी वाट धरली, नदीकाठची. वाळूत चाक रुतायचं, दोन ठिकाणी सायकल उचलून न्यावी लागायची, आणि घरनं काळोखातच निघावं लागायचं. ते मी उन्हाळाभर केलं. एक सायकल तरी कमी झाली, एवढंच त्यातनं साधलं. दुधाच्या, गिरणीतल्या कामगारांच्या सायकली जातच होत्या. पाऊस लागल्यावर काठाची काळी माती चाकांना अशी धरायला लागली, की चाक फिरेना. मी परत रस्त्यावर आलो.

पहिल्या सकाळी वळणावर घंटीला हात घातला आणि तेवढ्यात ती म्हातारी निवडुंगाआडून पुढं आली. हातात टमरेल होतं. तिनं मला हातानं थांबवलं.

"कुटं हुता येवढं दिस?"

"नदीकडनं जात होतो."

"आमच्यापायी?"

मी घंटीवरचा हात काढला.

"ही घंटी वाजवू नगा," ती म्हणाली. "घंटी वाजली की कोन आलं म्हून पोरी उठत्यात. तुमी गुमान जावा. आमी तुमाला बघितलं न्हाई, तुमी आमाला बघितलं न्हाई. पोरींना म्या सांगून ठिवते."

"आणि सून?"

"हाय बरी. सातवा लागला." मग तिनं मागं वळून आवाज दिला, "बसा गं! हे आपलं कंपोंडर हाईत!"

त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी उठल्या नाहीत. मी दोन्ही डोळे पुढच्या चाकावर ठेवून जायचो. कडेनं बोलणं चालू असायचं. कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या नवऱ्याचं, पलटणीतल्या पोराचं पत्र आलं का याचं. मी जवळ आलो तरी ते थांबायचं नाही. वास तोच होता, डुकरं तीच होती, आणि पावसानं सगळं रस्त्यावर पसरलेलं, ते आता धुळीऐवजी चिखलातनं अंगावर यायचं. मला किळस यायची ती यायचीच. पण बोलणं थांबत नाही याचं बरं वाटायचं. मागनं गिरणीतला कुणी सायकलवाला घंटी वाजवत आला, की सगळ्या उठायच्या आणि रस्ता गप्प व्हायचा.

त्या सुनेला मुलगा झाला. म्हातारीनं गुळाचा खडा कागदात बांधून दवाखान्यात आणून दिला. मी तो घेतला, पण खाऊ शकलो नाही. पाटलाच्याच गुऱ्हाळातला असेल, असं सारखं मनात येत होतं. तो डॉक्टरांच्या मुलांनी खाल्ला.

लढाई संपली त्या सुमारास मला सांगलीत खोली मिळाली. चाळीतली, एका खणाची. बायकोनं सामान लावायच्या आधी मागचा संडास जाऊन पाहिला आणि हसत परत आली.

"दार हाय," म्हणाली. "आतनं कडी बी हाय."

लग्नानंतर तिला एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. चार-पाच दिवस ती त्या कडीबद्दलच बोलत होती.

मग एका सकाळी ती मागच्या बोळात राख टाकायला गेली आणि तशीच पाटी घेऊन परत आली. राख टाकलेलीच नव्हती. मी जाऊन पाहिलं. बोळाच्या बाजूनं संडासाला खाली एक बुटकं दार होतं. ते उघडून एक बाई वाकलेली होती आणि टोपली ओढून काढत होती. टोपली गळत होती. तिनं ती डब्यात ओतली, डोक्यावर चुंबळ ठेवली, डबा उचलला. डब्याच्या कडेवरनं एक ओघळ तिच्या कानामागं उतरला. तिनं तो दंडानं पुसला. मला पाहिल्यावर ती भिंतीला चिकटून, तोंड फिरवून उभी राहिली, मी जाईपर्यंत.

मी आत आलो. बायको मोरीवर हात धूत होती.

"गावाकडं जायाचं का परत?" तिनं विचारलं.

"तिथं काय हाय?"

"काय न्हाई," ती म्हणाली. आणि हात पुसून भाकरी थापायला बसली. मी दवाखान्यात गेलो, चालत. त्या दिवशी बाटल्या धुताना डॉक्टर मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कसा स्वच्छ येतोस!"

मी बाटली विसळत राहिलो.