सोळा इंची टायर आणि सासूबाईंचा हात

माझ्या सासूबाई दुखलं म्हणून कधी सांगायच्या नाहीत, आणि आमच्या ह्यांना सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही. मधल्यामध्ये मरण माझं!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. पडून खुबा मोडल्यापासून सासूबाई माजिवड्याच्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण खडवलीला अंथरुणाला खिळलेली. "एकदा ताईला बघू दे, मग मला कुठं न्यायचं तिथं न्या," एवढं एकच मागणं. आगगाडीचं नावच नको. घरात एक जुनी विलायती मोटार होती, पण तिच्यातही पाय उचलून चढावं लागे. ह्यांनी मग चाकांवरच्या कमानींतले, म्हणजे स्प्रिंगांतले, दोन-दोन पोलादी पाटे काढून गाडी चांगली बसकी करून घेतली. सासूबाई अलगद आत बसल्या. मी म्हटलं, जिंकलं!

कसलं जिंकलं! पहिल्याच खड्ड्यात गाडी खालून अशी आपटली, की सासूबाईंनी माझा हात आवळला आणि माझ्या दोन बांगड्या वाढल्या.

"आई, बरं आहे ना?" ह्यांनी पुढून विचारलं.

"छान आहे हो."

घरी आल्यावर मी ह्यांच्या नाकासमोर मनगट धरलं. "हे बघा तुमचं छान!"

मग टायर बदलायचं खूळ. ह्यांनी उंच टायर आणले. धक्के कमी झाले, पण वळणावर टायर मडगार्डला घासायचे आणि रबर जळल्याचा वास सुटायचा. "अहो, गाडी खाली आणलीत, आता टायर वर चढवता? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी चिडलेच. शेवटी नाक्यावरच्या म्हाताऱ्या टायरवाल्यानं समजावलं. धक्का रबर झेलत नाही, आतली हवा झेलते. रिम लहान करा, टायर जाड घ्या. उंची मूळच्या टायरएवढीच राहील, हवा जास्त मावेल. सतरा इंची रिम गेली, सोळा इंची आली.

खाडीपर्यंत चक्कर मारली. सासूबाईंचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. बघते तर डुलकी लागलेली. मला रडूच आलं.

आठवड्याभरात खडवलीला गेलो. मावशींचं घर नदीकाठी, म्हणून जोतं छातीइतकं उंच आणि सात पायऱ्या. लग्न झाल्यापासून मी ते घर बघत होते, हे तर लहानपणापासून. पण पायऱ्या कुणाच्याच ध्यानात आल्या नव्हत्या! उचलायला गेलो तर सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मग मावशींच्या मुलानंच आपल्या आईला उचलून खाली आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं. गाडी बसकी होती, त्याचा उपयोग झाला तो असा. दुपारभर दोघी तिथंच बसल्या. मी दोघींना दूधभात भरवला. लहानपणी चिंचा कुणी जास्त खाल्ल्या यावरून त्या भांडत होत्या.

परत निघालो. वळणाआड घर दिसेनासं झालं आणि माझा हात आवळला गेला.

"अहो, हळू!" मी ओरडले.

"अगं, हळूच आहे. रस्ता बघ की, सपाट आहे."

खरंच सपाट होता.

"दुखतंय गं, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या.