साडेसहाशेचं घंगाळ

मधुकररावांनी भंडाऱ्यात एक्केचाळीस वर्षं पितळेची भांडी विकली, पण एवढ्या वर्षांत एकाही भांड्याची किंमत म्हणून त्यांनी सांगितली नाही. ते भाव सांगायचे, आणि तोही किलोचा. बाई दुकानात शिरून म्हणायची, "हा पाण्याचा गुंड केवढ्याचा जी?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "आधी भाव पटू द्या. वजन काय पळून चाललं?" भावावर घासाघीस व्हायची, चहा व्हायचा, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं तेही निघायचं, आणि एकदा भाव ठरला की मगच भांडं काट्यावर चढायचं. भांडी मुकी असतात, त्यांची किंमत काटाच बोलतो, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

भाव एकदा तोंडातून गेला की गेला. एका दिवाळीत पितळ रातोरात चढलं, तेव्हाही आदल्या दिवशी ठरवून गेलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी जुन्याच भावानं भांडी दिली. घरात सुमित्राबाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं. यांनी मात्र ती गोष्ट पुढे वीस वर्षं गावाला सांगितली, म्हणजे घाटा तसा वसूलच झाला म्हणायचा.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, गुडघे दुखायला लागले, आणि चार वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. उरलेला माल मधल्या खोलीत येऊन पडला. तो विकायचं डोकं सुनेचं, रेणूचं. जुन्या वस्तूंचा लिलाव करणारं एक ॲप तिनं शोधलं. ती प्रत्येक भांड्याचे फोटो काढायची, टेपनं मापायची, वजन करायची, सगळं नीट लिहायची आणि मग लिलावाला चढवायची. बहात्तर भांडी गेली, पण एकही व्यवहार फिसकटला नाही, एकही तक्रार नाही. तिच्या नावापुढे पाच तारे चमकत असत. शेजारणींना चहाबरोबर ते तारेही दाखवले जात.

मधुकररावांना हे सारं आवडायचं, आणि थोडं झोंबायचंही. माल त्यांचा, जन्म त्यांचा भांड्यांत गेला, आणि विकणार कोण, तर लग्न होऊन येईपर्यंत तांबं आणि पितळ यांतला फरक न कळणारी पोर!

रेणू पाच दिवस माहेरी तुमसरला गेली. लिलावाचा जुना मोबाईल घरीच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मधुकररावांनी चष्मा पुसला, मोठं घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं, कोऱ्या पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि फोटो काढला. फोटो झाला मात्र झकास. पुढे किमतीचा चौकोन आला. त्यांनी मनाशी भाव धरला आणि साडेसहाशे लिहिलं. खाली वजनाचा चौकोन होता, तो त्यांनी रिकामाच सोडला. गिऱ्हाईक यायच्या आधी वजन कोण करतं?

तीन दिवसांच्या लिलावात एकच बोली आली, साडेसहाशेचीच. "भाव पडला नाही," ते सुमित्राबाईंना म्हणाले, "घासाघीस न करता घेऊन राहिली बाई." लिलाव संपेपर्यंत ते घरात जरा ताठ चालत होते.

मंगळवारी चारला लिलाव संपला आणि पाचला रेणू घरी आली. तिनं मोबाईल पाहिला आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली.

"मामाजी, घंगाळ साडेसहाशेत गेलं?"

"गेलं ना. किलोमागं साडेसहाशे. काय वाईट हाय?"

"किलोमागं नाही जी! अख्खं. अकरा किलोचं अख्खं घंगाळ साडेसहाशेत."

मधुकररावांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा कानशिलं तापली. सात हजारांच्या पुढचं भांडं! चिंच घासायचेच पैसे आले म्हणायचे.

"थांबा, घाबरू नका," रेणू म्हणाली. "रद्द करता येते. कारण विचारते, त्यात 'किंमत चुकली' असं हायेच. सगळ्यांचंच चुकते म्हणून तं ठेवलं ते."

"आणि तुले काही होईन?"

"एक व्यवहार रद्द, असं नावापुढं दिसन. दिसू द्या. तुमच्यापेक्षा ते मोठं हाय का?"

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की त्यांना जास्तच लागलं. रद्द करावं तर सुनेच्या कोऱ्या नावाला पहिला डाग यांच्यामुळे लागणार, आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा भाव सांगून मागे फिरल्यासारखं होणार. द्यावं तर घंगाळ गेलं. आणि घंगाळाचं दुःख नव्हतं असं कसं म्हणावं? चांगलंच होतं. त्या रात्री भाकर अर्धीच गेली.

सकाळी त्यांनी निकाल दिला. "रद्द नको. मीच नेऊन देतो."

एवढं जड भांडं कुरिअरनं पाठवायचं तर त्याचाच खर्च अंगावर आला असता, म्हणून रेणूनंही फार ताणलं नाही. घेणारी बाई पवनीची होती, रत्नमाला नावाची. रेणूनं तिला कळवलं, की भांडं कुरिअरनं येणार नाही, मामाजी स्वतः घेऊन येत आहेत. उत्तर आलं, "या. मी तीननंतर घरी असते."

एसटीत घंगाळ मांडीवर घेऊन मधुकरराव बसले. कंडक्टरनं वय विचारलं, शहात्तर ऐकून फुकटचं तिकीट फाडलं आणि घंगाळाकडे बघत म्हणाला, "अन् याचं वय काय जी?" सगळी गाडी हसली. मधुकरराव हसले नाहीत. भंडारा ते अड्याळ त्यांनी ठरवलं, बाईला खरं सांगून टाकू. अड्याळ ते पवनी त्यांनी ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही.

रत्नमालाबाई अंगणवाडीतून नुकत्याच आल्या होत्या. पन्नाशीची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. दारात घंगाळ पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे हाय ते? अजी, मी तं फोटोत पाहून वाटीएवढं समजली होती! याच्यात तं माझी नातीन पोहन!"

त्यांनी आत बोट दाखवलं. फळीवर बुद्धाची मूर्ती होती, समोर वीतभर जागा. तिथे पाण्यात चाफ्याची फुलं ठेवायला त्यांना लहानसं पितळी भांडं हवं होतं. फोटोत पांढऱ्या चादरीखेरीज काही नव्हतं, मग लहान-मोठं कळणार कशावरून?

"लहान समजून घेतलं असन, तरी आता तुमचंच हाय," मधुकरराव म्हणाले. "साडेसहाशेत दिलं." असं म्हणत त्यांनी घंगाळ बाईंकडे सरकवलं.

रत्नमालाबाईंनी घंगाळ उचलायला हात घातला आणि अर्ध्यातून खाली ठेवलं. "किती किलो हाय?"

"अकरा. वर थोडं."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. भंडारा जिल्ह्यात पितळेचा भाव कोणाला सांगावा लागत नाही. "मंग हे साडेसहाशे किलोचे हायेत ना, बाबाजी?"

मधुकररावांनी खाली पाहिलं. "हो. पण तसं लिहिलं नाही मी. न लिहिणं माही चूक."

"अन् अशी चूक करून हे ओझं एवढ्या लांब घेऊन आले तुम्ही?"

"भाव बोललो होतो ना."

"भाव मले पटला," रत्नमालाबाई म्हणाल्या. "एक किलोचं भांडं द्या. मले तेवढंच पाहिजे होतं. बाकीचं घंगाळ घरी घेऊन जा."

मधुकररावांना हसू फुटलं, असं की डोळे पुसावे लागले. व्यवहार रद्द नाही, भाव मोडला नाही, आणि बाईचे साडेसहाशे वायाही गेले नाहीत. इतका सरळ हिशेब एक्केचाळीस वर्षांत त्यांना कोणी मांडून दिला नव्हता. चहा झाला, चिवडा झाला, नातीचं कौतुक झालं, आणि घंगाळ पुन्हा एसटीत चढलं.

घरी रेणूनं ते परत आलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "नाही घेतलं त्यांनी?"

"घेतलं," मधुकरराव म्हणाले. "वजन करायचं बाकी हाय."

त्यांनी माळ्यावरून दुकानाचा तराजू काढायला लावला. रेणू आपला काटा घेऊन आली, पण त्यांनी तिला हातानंच थांबवलं. मधल्या खोलीतल्या लहान भांड्यांत एक नऊशे साठ ग्रॅमचं निघालं, ते बाजूला सारलं. दुसरं गोल काठाचं, एक किलो चाळीस ग्रॅम.

"वरच्या चाळीसचं काय?" रेणूनं विचारलं.

"वरचं गिऱ्हाइकाचं."

रेणूनं ते लहान भांडं, आत वजनाची चिठ्ठी टाकून, पार्सलनं पवनीला पाठवलं आणि घंगाळ अकरा किलो दोनशे ग्रॅम असं लिहून पुन्हा लिलावाला चढवलं. या वेळी फोटोत बाजूला एक वाटी ठेवली. चौकोन भरताना सासऱ्यांना शेजारी बसवून घेतलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मोबाईल वाजला. रत्नमालाबाईंनी पाच तारे दिले होते. सोबत फोटोही होता. अंगणवाडीत पोरांचं वजन करतात त्या काट्यावर ते लहान भांडं ठेवलेलं होतं, आणि आकडा दिसत होता, एक पूर्णांक शून्य चार.

"काय लिहिलं तिनं?" मधुकररावांनी विचारलं.

"दोनच शब्द हायेत," रेणू म्हणाली. "वजन बरोबर."

मधुकरराव खुर्चीतून थोडे पुढे सरकले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.